हवामान निधी: किती, कोणाकडून आणि कोणत्या अटींवर

24 नोव्हेंबर 2024 च्या पहाटे, ठरलेल्या मुदतीपेक्षा तीस तासांहून अधिक लांबलेल्या वाटाघाटींनंतर, अझरबैजानची राजधानी बाकू येथे हवामान परिषदेच्या अध्यक्षांनी हातोडा आपटला आणि 2035 पर्यंत विकसनशील देशांसाठी दरवर्षी किमान 300 अब्ज डॉलर उभे करण्याचा ठराव संमत झाल्याचे जाहीर केले. ठराव संमत होण्याआधी आपल्याला बोलायचे होते आणि तशी विनंतीही केली होती, पण ती डावलण्यात आली, असे भारतीय शिष्टमंडळाचे म्हणणे होते. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी त्याच सभागृहात उभे राहून हा ठराव म्हणजे केवळ दृष्टिभ्रम असल्याचे सांगितले आणि भारताचा विरोध नोंदवला. नायजेरिया, बोलिव्हिया, क्युबा यांनीही नाराजी व्यक्त केली. इतकी मोठी रक्कम देऊ केली जात असताना ती ज्यांना मिळायची तेच देश संतापतात, हे वरवर पाहता चमत्कारिक वाटते. तो संताप समजून घ्यायचा तर हवामान निधी म्हणजे नेमके काय, तो कोण मोजते आणि कसा मोजते, हे समजून घ्यावे लागते. जागतिक हवामान सहकार्याचे सारे गाडे आज याच ठिकाणी अडले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात 1992 पासून करावी लागते. त्या वर्षी ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे झालेल्या वसुंधरा परिषदेत संयुक्त राष्ट्रांचा हवामान बदलविषयक आराखडा करार स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला आणि 1994 मध्ये तो अमलात आला. जगातील जवळजवळ सर्व देश त्यात सामील झाले. या कराराचा पाया असा की हवामान रक्षणाची जबाबदारी सर्वांची आहे, परंतु ती सर्वांची सारखी नाही. ज्याने अधिक प्रदूषण केले आणि ज्याची ऐपत अधिक, त्याने अधिक भार उचलावा. कार्बन डायऑक्साइड एकदा वातावरणात गेला की त्याचा मोठा भाग शेकडो वर्षे तिथेच साठून राहतो. आज जाणवणारी तापमानवाढ केवळ या वर्षाच्या धुराची नसून गेल्या दीड-दोनशे वर्षांच्या साठ्याची आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळून झालेल्या या साठ्यात एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे, तर जगाच्या सहाव्या हिश्शाहून अधिक लोकसंख्या असलेल्या भारताचा वाटा तीन-चार टक्क्यांच्या आसपास आहे. आजच्या सर्व हरितगृह वायूंच्या उत्सर्जनातही माणशी हिशेब पाहिला तर वर्षाला अमेरिकेत सुमारे 18 टन, जगाची सरासरी साडेसहा टनांच्या आसपास आणि भारतात जेमतेम 3 टन अशी स्थिती आहे.

म्हणूनच 1992 च्या करारात श्रीमंत देशांवर एक स्पष्ट बंधन घालण्यात आले: विकसनशील देशांना हवामानासाठी जो खर्च करावा लागेल त्यासाठी त्यांनी ‘नवीन आणि अतिरिक्त’ पैसा पुरवावा. म्हणजे दवाखाने, शाळा आणि रस्ते यांसाठी दिली जाणारी जुनी मदतच नाव बदलून दाखवायची नाही. करारात हे लिहिले गेले, पण ‘नवीन’ कोणत्या वर्षाच्या तुलनेत आणि ‘अतिरिक्त’ कशाच्या वर, हे लिहिले गेले नाही. पुढच्या तीस वर्षांच्या वादाची मेख तिथेच आहे.

या निधीतून तीन प्रकारची कामे अपेक्षित आहेत. पहिले काम उत्सर्जन कमी करण्याचे. सौर आणि पवन प्रकल्प, विजेवर चालणाऱ्या बस, कमी कोळशात पोलाद बनवणारे कारखाने यांचा त्यात समावेश होतो. दुसरे काम अनुकूलनाचे, म्हणजे जो बदल आता टळणार नाही त्याला तोंड देण्याच्या तयारीचे: समुद्रकाठचे संरक्षण, दुष्काळात तग धरणारे बियाणे, उष्णतेच्या लाटेची आगाऊ सूचना. तिसरे काम हानी भरून काढण्याचे, कारण काही तडाखे असे असतात की त्यांच्यापुढे कोणतीही तयारी अपुरी पडते. या तिन्हींमधील एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. सौर प्रकल्प वीज विकतो, त्यामुळे त्यात खासगी गुंतवणूकदार पैसा घालतो आणि कर्जही फिटते. गावाला पुरापासून वाचवणारा बांध मात्र काहीच विकत नाही. त्याच्यापासून होणारा लाभ मोठा असला तरी तो न झालेल्या नुकसानीच्या रूपात असतो, आणि न झालेल्या नुकसानीतून कर्जाचे हप्ते भरता येत नाहीत.

आता रकमेकडे वळू. 2009 मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत श्रीमंत देशांनी 2020 पर्यंत दरवर्षी 100 अब्ज डॉलर उभारण्याचे आश्वासन दिले. कोणत्या देशाला किती खर्च येईल याचा अभ्यास करून हा आकडा काढलेला नव्हता. कोसळू पाहणाऱ्या वाटाघाटी सावरण्यासाठी पुढे केलेला तो राजकीय आकडा होता. तोही वेळेवर पाळला गेला नाही. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्याच हिशेबानुसार 2020 मध्ये 83.3 अब्ज, 2021 मध्ये 89.6 अब्ज आणि 2022 मध्ये, म्हणजे दोन वर्षे उशिराने, 115.9 अब्ज डॉलर जमले. मधल्या काळात तुटलेल्या विश्वासाची किंमत या आकड्यांत कुठेच दिसत नाही.

या 115.9 अब्जांच्या आत डोकावून पाहणे महत्त्वाचे आहे. 2022 च्या सरकारी हवामान निधीपैकी सुमारे 69 टक्के रक्कम कर्जाच्या रूपात होती आणि परत न करायचे अनुदान 28 टक्क्यांच्या आसपास होते. अनुकूलनासाठी एकंदरीत 32.4 अब्ज डॉलर मिळाले. आणि या हिशेबात कर्जाची रक्कम पूर्णच्या पूर्ण मोजली जाते. समजा एखाद्या देशाला सवलतीच्या व्याजाने 10 कोटी डॉलरचे कर्ज मिळाले आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत तो जे हप्ते भरेल त्यांची आजची किंमत 7 कोटी निघाली, तर त्या देशाच्या पदरात खरी मदत पडली ती 3 कोटींची. अहवालात मात्र 10 कोटी नोंदवले जातात. बाजारभावाने दिलेल्या कर्जात तर मदतीचा अंश शून्य असतो, तरीही ती रक्कम बेरजेत येते. ऑक्सफॅम या संस्थेने 2022 च्या निधीचे खरे मूल्य सुमारे 28 ते 35 अब्ज डॉलर काढले. त्यांच्या हिशेबाच्या पद्धतीवर मतभेद असू शकतात, परंतु जाहीर आकडा आणि खरी मदत यांच्यात मोठे अंतर आहे हे नाकारता येत नाही.

हा फरक महाराष्ट्रात समजून घ्यायचा तर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचे उदाहरण जवळचे आहे. ‘पोकरा’ या नावाने शेतकऱ्यांना ठाऊक असलेला हा प्रकल्प मराठवाडा आणि विदर्भातील दुष्काळप्रवण गावांसाठी, तसेच अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यातील गावांसाठी आखला गेला. त्या पट्ट्यात भूजल खारे असल्याने विहीर खोदूनही पाण्याचा प्रश्न सुटत नाही आणि पावसाचे पाणी शेततळ्यात साठवणे हाच मुख्य आधार उरतो. शेततळे, ठिबक, शेडनेट, बीजोत्पादन यांसाठीचे अनुदान शेतकऱ्याच्या बँक खात्यात थेट जमा होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते अनुदानच आहे. परंतु सुमारे 4,000 कोटी रुपयांच्या या प्रकल्पाचा जवळजवळ 70 टक्के भाग 2018 मध्ये मंजूर झालेल्या जागतिक बँकेच्या 42 कोटी डॉलरच्या कर्जातून आला, आणि कर्ज म्हटले की परतफेड आलीच. ती सरकारी तिजोरीतून, म्हणजे इथल्याच करांतून होणार. प्रकल्प वाईट आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्याची गरज होती आणि आहे. प्रश्न इतकाच आहे की ज्या तापमानवाढीत मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा हात नगण्य आहे, तिच्याशी जुळवून घेण्याचा खर्च आपणच व्याजासह फेडायचा आणि जागतिक बँकेसारख्या संस्थांच्या अशा कर्जांतील श्रीमंत देशांच्या भागभांडवलाच्या प्रमाणातला हिस्सा त्यांच्या योगदानाच्या खात्यात मोजायचा, हे न्याय्य कसे?

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातच सापडते. आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशा या तीन राज्यांच्या किनारपट्टीवर कांदळवनांचे पुनरुज्जीवन आणि मच्छीमार कुटुंबांना खेकडापालनासारखी पूरक उपजीविका देण्याचा एक प्रकल्प आहे. त्याला हरित हवामान निधीने 4.34 कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले. हा निधी 2010 मध्ये कॅनकूनच्या परिषदेत स्थापन झाला असून त्याचे मुख्यालय दक्षिण कोरियात आहे. त्याच्या संचालक मंडळावर विकसित आणि विकसनशील देशांना समान जागा आहेत. जागतिक बँकेत भागभांडवलानुसार मते असतात, आणि हा फरक केवळ कागदोपत्री नाही. ज्याचा पैसा त्याचा शब्द अंतिम, ही रीत जिथे नाही तिथे अनुकूलनाला आणि लहान देशांना अधिक स्थान मिळते. हरित हवामान निधीची अडचण वेगळी आहे. तिथे प्रस्तावाची कागदपत्रे इतकी किचकट असतात की मंजुरीला वर्षानुवर्षे लागतात, आणि ज्या देशांकडे असे प्रस्ताव लिहिणारी माणसेच नाहीत ते रांगेत मागे पडतात.

मग बाकूमध्ये नेमके काय बिनसले? विकसनशील देशांनी एकत्रितपणे दरवर्षी 1,300 अब्ज डॉलरची मागणी केली होती. ठरावात हा आकडा आला, पण ‘सर्व स्रोतांतून’ तिथवर पोहोचण्यासाठी सर्वांनी मिळून काम करावे, अशा आवाहनाच्या स्वरूपात. देण्याचे बंधन त्यात नाही. प्रत्यक्ष उद्दिष्ट 300 अब्जांचे, तेही 2035 साठी. वर्षाला 3 टक्के महागाई धरली तर 2035 मधील 300 अब्जांची किंमत 2024 च्या हिशेबाने सुमारे 217 अब्जच उरते. शिवाय विकसित देशांनी यात ‘पुढाकार घ्यावा’ असे शब्द आहेत. त्यात सरकारी पैसा, खासगी गुंतवणूक, विकास बँकांची कर्जे हे सगळे धरता येते, आणि अनुदान किती व कर्ज किती याचे प्रमाण ठरवलेले नाही. अनुकूलनासाठी वेगळा वाटाही राखून ठेवलेला नाही. त्यामुळे आकडा तिप्पट झाला असला तरी तो गाठण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आणखी कर्जे देणे, हाच राहिला आहे. भारताचा रोष होता तो यावर.

श्रीमंत देशांची बाजूही मांडायला हवी, कारण ती सर्वस्वी निराधार नाही. पैसे देण्याचे बंधन असलेल्या देशांची यादी 1992 मधील परिस्थितीवरून केलेली आहे. चीन तेव्हा गरीब होता. आज तो वार्षिक उत्सर्जनात जगात पहिला आहे. आखाती देश आणि सिंगापूर माणशी उत्पन्नात अनेक युरोपीय देशांच्या पुढे गेले आहेत, पण यादीत नाहीत. त्यांनीही वाटा उचलावा, ही मागणी मला रास्त वाटते, आणि बाकूच्या ठरावाने अशा देशांना स्वेच्छेने योगदान नोंदवण्याची सोय ठेवली आहे. परंतु या युक्तिवादाचा उपयोग जेव्हा जुन्या देणेकऱ्यांनी आपले देणे कमी करण्यासाठी होतो, तेव्हा त्याचे वजन उरत नाही. अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये तापमानवाढ रोखण्याच्या 2015 मधील पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचा निर्णय घेतला, आणि ज्याचा ऐतिहासिक वाटा सर्वांत मोठा तोच बाजूला झाल्यावर इतरांना अधिक द्या असे कोणत्या तोंडाने सांगायचे, हा प्रश्न युरोपलाही टाळता आलेला नाही.

आंतरराष्ट्रीय सहकार्याने असा पैसा उभा राहूच शकत नाही, असे मात्र नाही. ओझोनचा थर वाचवण्यासाठी 1987 मध्ये माँट्रियल करार झाला, तेव्हा भारत आणि चीन सुरुवातीला त्याबाहेर राहिले होते. त्यांचे म्हणणे साधे होते: शीतकपाटातील वायू बदलायचा तर कारखान्यांचा जादा खर्च कोण देणार? 1990 मध्ये लंडनच्या बैठकीत त्याचे उत्तर मिळाले. एक बहुपक्षीय निधी स्थापन झाला. जुने तंत्रज्ञान सोडून नवे घेताना येणारा वाढीव खर्च किती, हे प्रकल्पागणिक ठरवून तो निधीतून मुख्यत्वे अनुदानाने द्यायचा, आणि निधीच्या कार्यकारी समितीत विकसित व विकसनशील देशांच्या सात-सात जागा ठेवायच्या, असे ठरले. भारत आणि चीन दोघेही करारात आले. आज ओझोनचा नाश करणाऱ्या नियंत्रित रसायनांपैकी जवळजवळ 99 टक्के वापरातून गेली आहेत. ओझोनचा प्रश्न तुलनेने सोपा होता, उद्योग मोजके होते आणि पर्यायी रसायने हाताशी येत होती, हे खरेच. कोळसा, तेल आणि वायू तर साऱ्या अर्थव्यवस्थेत मुरलेले आहेत. पण वाढीव खर्च मोजा, तो अनुदानाने द्या आणि निर्णयात समान वाटा द्या, ही पद्धत तेव्हा चालली आणि ती आजही वापरता येईल.

कोळशाच्या बाबतीत नेमके याच्या उलट घडले. 2021 मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत दक्षिण आफ्रिकेला कोळशापासून दूर नेण्यासाठी फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका आणि युरोपीय संघ यांनी 8.5 अब्ज डॉलर जाहीर केले. तपशील बाहेर आला तेव्हा त्यातील अनुदानाचा वाटा अवघा काही टक्क्यांचा निघाला. एमपुमालांगा प्रांतातील कोमाती वीज केंद्र ऑक्टोबर 2022 मध्ये बंद झाले, पण त्यावर पोट असलेल्या गावातील कामगारांसाठी पर्यायी रोजगार त्या वेगाने उभा राहिला नाही. कर्जाच्या पैशातून सौर प्रकल्प उभा राहतो. खाणकामगाराचे पुनर्वसन हे मात्र बांधासारखेच काहीही न विकणारे काम आहे, आणि त्यासाठी अनुदानच लागते. ज्या देशात विजेचा बहुतांश भाग आजही कोळशातून येतो त्या भारताने या अनुभवाकडे बारकाईने पाहायला हवे, कारण चंद्रपूर आणि कोरबा इथेही हाच प्रश्न उद्या दारात उभा राहणार आहे.

स्वस्त भांडवलाचा मुद्दाही याच्याशीच निगडित आहे. सूर्यप्रकाश आफ्रिकेत भरपूर आहे आणि सौर पॅनेलची किंमत जगभर जवळपास सारखी आहे. तरीही तिथे प्रकल्प महाग पडतो, कारण कर्जावरील व्याज श्रीमंत देशांच्या तुलनेत दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असते. बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मॉटली यांनी 2022 पासून ‘ब्रिजटाऊन’ प्रस्तावांतून जी मागणी लावून धरली आहे ती हीच: विकास बँकांची कर्ज देण्याची क्षमता वाढवा, व्याज कमी करा आणि आपत्ती आल्यास हप्ते आपोआप थांबतील अशी अट कर्जाच्या करारातच घाला.

ही अट प्रत्यक्षात कशी चालते हे ग्रेनेडाने दाखवले आहे. 2004 मध्ये ‘आयव्हन’ चक्रीवादळाने या छोट्या बेटाची वाताहत केली. दहापैकी नऊ घरांचे नुकसान झाले आणि देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दुप्पट हानी झाली. कर्जाचा डोंगर वाढत गेला आणि 2015 मध्ये जुन्या कर्जरोख्यांची फेररचना करताना ग्रेनेडाने त्यात चक्रीवादळाचे कलम घालून घेतले. 1 जुलै 2024 रोजी ‘बेरिल’ हे वादळ त्याच देशाच्या कॅरियाकू बेटावर धडकले आणि तिथली बहुतेक घरे मोडली, तेव्हा सरकारने हे कलम वापरून रोख्यांचे हप्ते पुढे ढकलले. ज्या महिन्यात छपरासाठी पत्रा आणायचा, त्या महिन्यात सावकाराकडे पैसे पाठवावे लागले नाहीत. यात कोणी दान केले नाही आणि कर्जही माफ झाले नाही. वेळ तेवढी मिळाली. असे कलम प्रत्येक आंतरराष्ट्रीय कर्जात घालण्यासाठी नवा जागतिक करार लागत नाही, म्हणून मी ते पहिल्या प्राधान्यक्रमात धरतो.

हानी भरून देण्याचा प्रश्न सर्वांत जुना आणि सर्वांत अवघड आहे. वानुआतू या प्रशांत महासागरातील द्वीपराष्ट्राने लहान बेटांच्या वतीने 1991 मध्येच अशा विमानिधीची मागणी केली होती. भरपाई हा शब्द आला की कायदेशीर जबाबदारी येईल या भीतीने ते घोंगडे तीस वर्षे भिजत पडले. 2022 च्या पुरात पाकिस्तानात 1,700 हून अधिक माणसे दगावली, सुमारे 3.3 कोटी लोकांना फटका बसला आणि एकूण हानी 30 अब्ज डॉलरच्या वर गेली. त्याच वर्षी विकसनशील देशांच्या गटाचे अध्यक्षपद पाकिस्तानकडे होते आणि इजिप्तमधील शर्म अल शेख येथील हवामान परिषदेत हानी भरून देण्याच्या या निधीचा निर्णय झाला. जुलै 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वानुआतूच्या पुढाकाराने मागवलेल्या सल्लागार मतात असे म्हटले की हवामान रक्षण हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि त्याचा भंग झाल्यास भरपाईचाही प्रश्न उद्भवू शकतो. हे मत थेट बंधनकारक नसले तरी वाटाघाटींच्या टेबलावरची भाषा त्यामुळे बदलली आहे.

नोव्हेंबर 2025 मध्ये ब्राझीलमधील बेलेम येथे झालेल्या परिषदेत अनुकूलनाचा निधी 2035 पर्यंत किमान तिप्पट करण्यासाठी प्रयत्न करण्याचे आवाहन झाले. कोणत्या वर्षाच्या तुलनेत तिप्पट, हे वाक्यातून नीट ठरत नाही, आणि 1992 च्या ‘नवीन आणि अतिरिक्त’ या शब्दांची आठवण यावी अशीच ही मोघम रचना आहे. त्याच परिषदेत हानी निधीने पहिल्यांदा देशांकडून प्रस्ताव मागवले. आरंभीच्या टप्प्यासाठी 25 कोटी डॉलर ठेवण्यात आले असून ते सर्व अनुदानाच्या स्वरूपात आहेत, आणि त्यातील किमान निम्मे लहान द्वीपराष्ट्रांसाठी व अतिगरीब देशांसाठी राखलेले आहेत. पाकिस्तानच्या एका पुराच्या हानीपुढे ही रक्कम एक टक्काही भरत नाही. तरीही कर्ज नाही, अनुदान आहे, आणि सर्वांत दुर्बळ देशांसाठी किमान वाटा आधीच राखलेला आहे, या दोन बाबतींत 25 कोटींचा हा छोटा निधी बाकूच्या 300 अब्जांच्या पुढे आहे. आता त्यात भर कोण घालतो आणि कधी, यावर 2030 मध्ये होणाऱ्या बाकू ठरावाच्या फेरविचाराआधी सर्व देशांना, भारतालाही, आग्रह धरता येईल.